कैलास कोणी खोदला?



शुक्रवार पेठेतल्या आपल्या शाळेची बॅच व्हॉट्सअॅपवर जमली, तेव्हापासून एक चित्रफीत अधूनमधून हमखास फिरते. वेरूळचे कैलास लेणे माणसाच्या हातून होणे शक्यच नाही, ते परग्रहवासीयांचे काम, असे तिच्यात ठासून सांगितलेले असते. ग्रुपवर एवढे मोठे उत्तर कोण वाचणार? म्हणून स्मरणिकेत लिहितो.

ही कल्पना फार जुनी नाही. एरिक फॉन डेनिकेन या स्विस लेखकाच्या १९६८ च्या पुस्तकाने ती जगभर गाजली. २०१० पासून हिस्टरी वाहिनीवरच्या ‘एन्शंट एलियन्स’ मालिकेने ती घरोघरी नेली आणि त्यात आपला कैलासही आला. अशा माहितीपटांची रीत ठरलेली असते. ‘हे माणसाला शक्य होते का?’ असे विचारायचे, संगीत चढवायचे आणि उत्तराची वाट न पाहता पुढे सरकायचे.

आपण जरा थांबून हिशेब करू. कैलासाचे मुख्य काम राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, म्हणजे साधारण इ.स. ७५६ ते ७७३ मधले; काही भाग नंतरचे. माहितीपटवाले दोन लाख टन दगड आणि अठरा वर्षे असा आकडा सांगतात. तोच धरू. वर्षाला ३०० दिवस काम धरले तर दिवसाला सुमारे ३७ टन. चारशे माणसे लावली तर माणशी नव्वद-पंच्याण्णव किलो, म्हणजे काळ्या दगडाचा एक घनफुटाहून थोडा मोठा तुकडा. छिन्नी-हातोड्याने हे काम कष्टाचे आहे, अशक्य नाही. कोणी चार लाख टन म्हणाले, तर माणसे दुप्पट करायची. शिवाय कळसापासून खाली खोदत आल्याने वर दगड चढवण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि कैलास काही एकाएकी उगवला नाही. त्याआधी आठ-नऊशे वर्षे आपल्याकडे डोंगर कोरले जात होते. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अर्धवट राहिले आहे. तिथे काम कसे चाले ते उघड दिसते. कैलासाची मांडणी पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी जुळते. ते चालुक्यांची राणी लोकमहादेवी हिने आठव्या शतकात बांधवले आणि तिथल्या शिलालेखात स्थपती गुंड याचे नावही आहे. याच चालुक्यांना हरवून राष्ट्रकूट सत्तेवर आले.

कैलासाच्या शिल्पकाराचे नाव मात्र आपल्याला मिळत नाही. राष्ट्रकूट कर्क सुवर्णवर्षाच्या इ.स. ८१२ च्या बडोदा ताम्रपटात त्याचा उल्लेख आहे, तो असा: विमानातून जाणारे देव हे मंदिर पाहून थक्क झाले आणि ज्याने ते घडवले, तोही ‘हे माझ्याकडून झाले कसे?’ म्हणून चकित झाला. विमानाचा उल्लेख आहेच, पण त्यातले देव फक्त पाहणारे आहेत. घडवणारा खाली उभा आहे आणि तो माणूस आहे.

मला या चित्रफिती खटकतात त्या इथे. आपल्या वर्गात कोणाचे वडील मागावर बसत, कोणाची आई विड्या वळत असे, कोणाच्या घरी दगड फोडायचे काम होते. सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तळे खोदवले, ही कथा ऐकत आपण सोलापुरात वाढलो. हाताने काम करणाऱ्यांची नावे इतिहासात आधीच कमी. निदान त्यांचे काम तरी परग्रहावर पाठवू नये.

पुढच्या मेळाव्याला जोडून सहल काढायची असेल, तर माझी सूचना पट्टदकलची. सोलापुरातून गदगकडे जाणारी गाडी बदामीला थांबते, तिथून पट्टदकल जवळच आहे. गुंडाचे नाव कोरलेला तो दगड सगळ्यांनी मिळून पाहू.