पदपथावरचा मृत्यू आणि कायद्याचे माप

कायद्यापुढे सर्व समान, हे वचन आपण सर्वजण आदराने उच्चारतो. मोटारीखाली माणूस मेला म्हणजे त्या वचनाची खरी परीक्षा होते. तिचा इतिहास थोडक्यात मांडावा, असा आमचा विचार आहे.

भारतीय दंडसंहिता १८६० सालची. तीत ३०४-अ हे कलम १८७० साली घातले गेले. अविचाराने वा हयगयीने मृत्यू घडविणाऱ्यास जास्तीत जास्त २ वर्षे कैद, किंवा नुसता दंड. त्या काळी मोटार जन्मासही आली नव्हती. पुढे ती आली, तिचा वेग वाढला. कलम मात्र दीडशे वर्षे होते तेथेच राहिले. माणूस मरण्याचा संभव आहे हे ठाऊक असून कृत्य केले, असे सिद्ध झाल्यास कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली १० वर्षांपर्यंत कैद होती. या २ आणि १० यांच्यामधल्या अंतरातच पैशाच्या थैलीला जागा मिळाली.

१० जानेवारी १९९९ रोजी पहाटे दिल्लीच्या लोधी कॉलनीत एका धनिकपुत्राच्या गाडीखाली ६ माणसे मेली. त्यांत ३ पोलीस होते. गाडी एका मित्राच्या घरी नेऊन धुण्यात आली. साक्षीदार उलटले. साक्षीदारास वळवू पाहणारा आरोपीचा वकील २००८ साली न्यायालयाच्या अवमानाचा दोषी ठरला. त्याच साली आरोपीस ५ वर्षांची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने २००९ साली ती २ वर आणली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने मोठा गुन्हा मान्य केला, परंतु भोगलेली कैद पुरेशी धरून ५० लाख रुपये भरावयास व २ वर्षे समाजसेवा करावयास सांगितले. पुरावा नष्ट केल्याबद्दल जे दोषी ठरले, त्यांत त्या मित्राच्या घरचे २ नोकरही होते. हे आम्हां कामगारांस विसरता येत नाही.

१२ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत कार्टर रोडच्या पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली; ७ मेले, ८ जखमी झाले. पहिल्या न्यायालयाने ६ महिने दिले. लोकांत संताप उसळला. उच्च न्यायालयाने २००७ साली मोठे कलम लावून ३ वर्षे दिली आणि २०१२ साली ती कायम झाली.

भरपाईचे मापही पाहा. ती मुख्यतः मृताच्या मिळकतीवरून काढतात. म्हणजे जो जन्मभर कमी मजुरीवर राबला, त्याचा मृत्यूही स्वस्तच!

मग शिक्षा वाढवावी काय? नव्या न्यायसंहितेने हयगयीच्या मृत्यूस ५ वर्षे, आणि न कळविता पळून जाणाऱ्यास १० वर्षांपर्यंत कैद ठरविली. जानेवारी २०२४ मध्ये मालमोटारींच्या चालकांनी चाके थांबविली. थांबलो तर जमाव मारतो, निघालो तर कायदा, हे त्यांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हा ते पोटकलम बाजूस ठेवले गेले.

यावरून आम्हांस एवढेच दिसते की, कैदेची वर्षे वाढविली तर ती प्रथम पगारी चालकाच्या वाट्यास येतील. श्रीमंत सुटतो तो कलमाच्या सौम्यपणाने कमी; तपासातील दिरंगाईने, उलटलेल्या साक्षीने आणि लांबलेल्या खटल्याने अधिक. म्हणून मागणी करावयाची ती त्वरित व निःपक्ष रक्ततपासणीची, साक्षीदाराच्या संरक्षणाची, आणि मजुराच्या विधवेला सरकारी खर्चाने चांगला वकील देण्याची. ही मागणी एकट्या विधवेला पेलणारी नाही. ती संघटनेने आणि तुम्ही सुजाण नागरिकांनी उचलली पाहिजे.