चाकाविना घडलेले घट : लाडी क्वाली

नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर, मागील बाजूस, २००७ पासून एक कुंभार स्त्री आपल्या घड्यापाशी काम करताना दिसते. त्या लाडी क्वाली. १९२५ च्या सुमारास देशाच्या मध्यभागातील क्वाली या गावी, ग्वारी समाजात त्यांचा जन्म झाला. 'लाडी' हे हौसा भाषेत रविवारी जन्मलेल्या मुलीचे नाव. आडनावाच्या जागी गावच आले.

ग्वारी समाजात मडकी घडविणे हे स्त्रियांचे काम. नात्यातील वडीलधाऱ्या स्त्रीकडून लाडी ते लहानपणीच शिकल्या. या पद्धतीत चाक नाही. मातीच्या गोळ्यातून तळ उभारायचा, त्यावर मातीच्या वळ्या चढवीत जायचे आणि वाळलेल्या भोपळ्याच्या तुकड्याने पृष्ठभाग सारखा करायचा. घडा जागचा हलत नाही. घडविणारीच त्याच्याभोवती पाठमोऱ्या पावलांनी फिरते. ओल्या मातीवर सरडे, विंचू, साप, मगरी, मासे कोरले जात आणि मग उघड्यावर गवत-काटक्यांच्या जाळात भाजणी होई.

त्यांचे घडे अबुजाच्या अमीरांच्या वाड्यात शोभेसाठी ठेवलेले असत. ब्रिटिश कुंभकार मायकेल कार्ड्यू यांनी ते तेथेच १९५० मध्ये पाहिले. पुढे कार्ड्यू यांनी अबुजात (हे जुने अबुजा, आजचे सुलेजा, नव्या राजधानीने त्याचे नाव घेतले) कुंभारकामाचे प्रशिक्षण केंद्र उभारले. तेथे चाकावर काम शिकणारे सारे पुरुषच होते. १९५४ मध्ये लाडी या केंद्रातील पहिल्या स्त्री कुंभार झाल्या. चाक त्यांनी आत्मसात केले, पण मोठे घट मात्र अखेरपर्यंत हातानेच वळले.

बदलली ती भाजणी. कोरलेल्या रेषांत पांढरी माती भरून, वर काचेसारखी झिलई चढवून हे घट भट्टीत सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजले जाऊ लागले. चित्रे उठून दिसू लागली, हा लाभ खराच. परंतु साधा मातीचा घडा पाझरतो म्हणूनच त्यातले पाणी गार राहते, हे माठाचे पाणी पिणाऱ्यास सांगावयास नको. झिलईने ती छिद्रे बुजली. पाण्यासाठी जन्मलेला आकार पाण्यापासून दुरावला आणि संग्रहालयाच्या कपाटात गेला. कलावंत म्हणून लाडींना मिळालेल्या कीर्तीची ही किंमत होती.

लंडनच्या बर्कले गॅलरीतील १९५८, १९५९ आणि १९६२ च्या प्रदर्शनांनी त्यांचे नाव परदेशात पोहोचविले. १९७२ मध्ये कार्ड्यू यांच्यासमवेत त्यांनी अमेरिकेचा दौरा केला. घड्याभोवतीची त्यांची ती लयबद्ध फेरी पाहण्यास तेथे प्रेक्षक जमत. ब्रिटिश सरकारने एमबीई किताब दिला. औपचारिक शिक्षण न लाभलेल्या या स्त्रीला झारियाच्या अहमदू बेलो विद्यापीठाने १९७७ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९८४ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. सुलेजाच्या त्या केंद्राला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.