धर्मानंदांचे शिष्य आणि चिनी कोश

साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी ‘विसुद्धिमग्ग’ संपादिला, हे आपण गोमंतकीय अभिमानाने सांगतो. पण फर्ग्युसनमधले त्यांचे शिष्य पु. वि. बापट आपल्याला क्वचितच आठवतात. ‘विसुद्धिमग्गा’ची ‘विमुत्तिमग्गा’शी तुलना करणारा त्यांचा ग्रंथ पुण्यात १९३७ साली निघाला. ‘विमुत्तिमग्गा’चे पाली मूळ हरवलेले, ग्रंथ सबंध वाचायचा तर सहाव्या शतकातल्या चिनी भाषांतरातच.

म्हणजे चिनी कोश उघडणे आले. त्यात अकारविल्हे कुठली? अक्षरातला मुख्य घटक ओळखायचा, त्याच्या विभागात जायचे आणि उरलेल्या रेघा मोजायच्या. या घटकाला चिनीत ‘बुशौ’ म्हणतात, म्हणजे विभागाचा म्होरक्या. इ. स. १००च्या सुमारास शू शेन याने असे ५४० विभाग पाडले होते. १७१६च्या कांगशी कोशात ते २१४ झाले.

‘विमुत्तिमग्गा’च्या चिनी नावात चार अक्षरे आहेत. चौथे, ‘शास्त्र’, वाणीच्या विभागात सापडते. तिसरे, ‘मार्ग’, चालण्याच्या. ‘विमुक्ती’ला दोन अक्षरे लागतात, त्यांतले दुसरे मांसाच्या विभागात. मला मौज वाटते ती पहिल्याची. ते शिंगाच्या विभागात आहे! शिंगाच्या सात रेघा, उरलेल्या सहांत सुरी आणि बैल. बैल कापून सुटा करणे, त्यावरून उकलणे, सोडवणे.