पाट्यावरचा काकाव

खारदांड्याच्या कोळीवाड्यात मार्चची दुपार आहे. बाहेर बोंबील वाळत आहेत. वर्षाच्या मसाल्यासाठी बेडगी आणि काश्मिरी मिरच्या उन्हात पसरल्या आहेत. तुम्ही तव्यावर मूठभर कोकोच्या बिया मंद आचेवर परतताय. थोड्या वेळाने त्या तडतडतात आणि सालं सुटतात. सोललेल्या बिया गरम असतानाच पाट्यावर घेता. आधी नुसता भुगा होतो. हात भरून येतो. "घाई नको, तेल सुटू दे," शेजारच्या मावशी सांगतात. बियांच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग स्निग्धच असतो. हळूहळू भुगा ओलसर होतो, चकाकतो, वरवंट्याला चिकटतो. पुढे, मागे. पुढे, मागे.

मान वर करता तर खारा वारा पडलेला. भोवती दाट, दमट जंगल. इसवी सन ४७०च्या सुमाराचं, आजच्या उत्तर ग्वाटेमालातलं रिओ अझुल हे माया नगर. समोर गुडघ्यांवर बसलेली बाई तुमच्यासारखंच वाटण वाटते आहे. इथे गाय नाही, ऊसही नाही. ती वाटणात मिरची आणि डंख नसलेल्या मधमाश्यांचा मध घालते, पाणी मिसळते, मग उभी राहून एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून धार सोडते. फेस चढतो. पहिला घोट कडू लागतो, पाठोपाठ घशाशी तिखट जाळ उठतो.

भांड्यावरच्या अक्षरांकडे नीट पाहा. त्यांत एक मासा आहे! माया लिपीत 'का' हे अक्षर माशाच्या चित्राने लिहीत आणि 'काकाव', म्हणजे कोको, हा शब्द लिहिताना तेच वापरत. या नगरातल्या एका थडग्यातून असं झाकणाचं भांडं १९८४ साली निघालं, आणि प्रयोगशाळेत त्याच्या तळाशी कोकोचा अंश सापडला.

वरवंटा पुन्हा फिरतो. आता तुम्ही सोळाव्या शतकातल्या साष्टी बेटावर, याच किनाऱ्यावर आहात. १५३४च्या तहाने वसईसह हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला आहे. इथल्या कालवणाला आजवर मिरी आणि आल्याचा तिखटपणा पुरत होता. पोर्तुगिजांच्या जहाजांतून अमेरिकेतली मिरची आली. आपण तिला मिरीवरूनच नाव दिलं आणि ती घरची झाली. तिच्या मुलखातला काकाव मात्र मागेच राहिला. भारतात त्याची रोपं लागली १७९८ साली, तमिळनाडूतल्या कुर्ताळमला.

मावशींच्या हाकेने तुम्ही परत येता. वाटण झालं आहे. दोन मोठे चमचे वाटण, कपभर कढत पाणी, चिमूटभर लाल तिखट, चमचाभर मध. आवडत असेल तर दालचिनी घाला, पण ती माया बायांना ठाऊक नव्हती; ती आपल्या बाजूच्या समुद्रातली, श्रीलंकेची. आता दोन तांबे घ्या आणि फेस येईपर्यंत हातभर उंचीवरून ओतत राहा.

एकाच मातीतल्या या दोन चवी शतकांच्या ताटातुटीनंतर कोळणीच्या पाट्यावर भेटतात. तुमच्या घरी पाटा माळ्यावर पडला असेल, तर तो खाली उतरवा. आणि पहिला पेला तरी दुधाशिवाय प्या.