हिराइसेचा पाठ

अकोल्याहून अमरावतीला आणि तिथून मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला मी पुष्कळदा गेलो आहे. महानुभाव पंथाचे हे मोठे तीर्थ. तिथल्या मठांतून संन्यासी स्त्री-पुरुष आजही नामस्मरण करतात, पोथी वाचतात. मोबाइलच्या काळात असा संन्यास कशाला, असे मला पुष्कळजण विचारतात. मला त्याचे उत्तर या गावाच्या इतिहासात सापडले.

सुमारे 1274 साली चक्रधर स्वामी उत्तरेकडे निघून गेले, असे पंथ मानतो. मागे राहिलेले शिष्य रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत आले. त्यांच्यातलेच एक म्हाइंभट. मोठे शास्त्री, पण विद्येचा ताठा सोडून ते गावोगाव फिरले. स्वामींना ज्यांनी पाहिले होते त्यांच्याकडून आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या. त्यातून 1278 च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ.

चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजांच्या धाडीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. मग ती पुन्हा उभी कशी राहिली? साधकांच्या पाठांतरातून. हिराइसा नावाच्या साधिकेचा पाठ त्यात प्रमुख होता. रोजच्या उजळणीने ज्या बाईने ग्रंथ मनात जपला, तिच्यापाशी तलवारीचे काय चालणार?

मुसलमान घरात जन्मून मी मराठीत कविता लिहितो. ती फौज कोणत्या सुलतानाची होती, हे मला माहीत आहे. काहीजण मला त्या फौजेचा वारस ठरवू पाहतात. पण ज्या मराठीत मी विचार करतो, ती हिराइसेने राखलेली मराठी आहे. मी वारसा सांगेन तो तिचाच.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आठवणींत फरक पडला तेव्हा या मंडळींनी भांडून एकच पाठ खरा ठरवला नाही. अमक्याचा पाठ असा, तमक्याचा तसा, हे त्यांनी शेजारी शेजारी नोंदवले. निष्ठा पूर्ण, पण हट्ट नाही. यालाच मी शहाणपण म्हणतो.

आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे, याचा आनंद आहे. आपल्याला घरदार सोडणे जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पण रोज एखादी गोष्ट मनापासून ऐकावी, जपावी आणि दुसऱ्याची आठवण वेगळी असली तर तिलाही जागा द्यावी. एवढी साधना संसारातही करता येते.