सात पावसाळ्यांची साष्टी

ठाण्याहून माजिवडे, मानपाडा, कासारवडवली, ओवळे ही गावे मागे टाकीत जो रस्ता घोडबंदरास जातो, त्याच्या एका अंगास येऊरचे डोंगर आहेत व दुसऱ्या अंगास खाडी. गायमुखापाशी डोंगर आणि पाणी इतके जवळ येतात की मध्ये रस्त्यापुरतीच जागा उरते. आता या रस्त्याच्या दुतर्फा उंच इमारती उभ्या आहेत. तेथील कुटुंबांना नोकरी टिकेल काय, घराचे हप्ते फिटतील काय, मुलांचे पुढे कसे होईल, असे प्रश्न रात्रंदिवस पडतात. आणि उद्याचा भरवसा नसणे हे आपल्याच काळाचे दुर्दैव आहे, असे पुष्कळांस वाटते. परंतु याच भूमीवर अडीचशे वर्षांपूर्वी जवळजवळ साडेसात वर्षे अशी गेली की, आपण कोणाची प्रजा आहोत व उद्या कोणाची असू, हे येथील शहाण्यातल्या शहाण्यासही सांगता आले नसते.

घोडबंदर हे साष्टी बेटाचे उत्तरेकडील टोक होय. हे बेट १५३४ साली गुजराथच्या बहादुरशहाने वसईबरोबर पोर्तुगीजांना दिले. त्यानंतर दोनशे तीन वर्षांनी, १७३७ च्या वसंतात, मराठ्यांनी ठाणे घेतले, तेव्हा तेथील नवा किल्ला पोर्तुगीजांचा पुरता बांधूनही झाला नव्हता. पुढे १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई सर केली. वसईचा रणसंग्राम शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतो. साष्टीच्या वाट्यास मात्र पाठ्यपुस्तकात एखादी ओळ येते, आणि तीही वसईच्या शेपटास बांधलेली. वस्तुतः पुढील अर्धशतकाच्या राजकारणात या बेटाने मोठमोठ्यांची झोप उडविली.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. नाना फडणीस, सखारामबापू आदी बारभाईंनी रघुनाथरावांविरुद्ध जो पक्ष उभा केला, त्याची सारी भिस्त अजून जन्मास न आलेल्या एका अपत्यावर होती. मुलगा होईल की मुलगी, हे कोणास सांगता येणार? तरीही त्यांनी गंगाबाईस पुरंदरावर नेऊन ठेवले, भोवती बंदोबस्त केला आणि ते थांबले. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले. थांबण्याची ही ताकद दुसऱ्या दोन पक्षांपाशी नव्हती. एक पक्ष खुद्द रघुनाथरावांचा; दुसरा मुंबईच्या इंग्रजांचा.

मुंबईकर इंग्रजांना साष्टी हवी होती, कारण ती त्यांच्या बंदराच्या पाठीशीच होती. ती मागण्यासाठी मॉस्टिन नावाचा त्यांचा वकील १७७२ पासून पुण्यास राहत होता. तेवढ्यात १७७४ च्या अखेरीस वार्ता आली की, गेलेला मुलूख परत घेण्यासाठी पोर्तुगीज आरमाराची जमवाजमव करीत आहेत. आपल्याआधी ते येतील काय, या एका शंकेने मुंबईच्या गव्हर्नरचा व त्याच्या मंडळाचा धीर सुटला. त्यांनी फौज पाठविली आणि डिसेंबरच्या अखेरीस ठाण्याचा किल्ला, ज्यात पुढे तुरुंग झाला तोच, हल्ला करून घेतला. पहिल्या चढाईत त्यांना माघार घ्यावी लागली होती. किल्ला पडल्यावर आतील शिबंदीची निर्घृण कत्तल झाली.

तिकडे पराभूत होऊन गुजराथेत पळालेले रघुनाथराव मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहाने इंग्रजांना साष्टी आणि वसई लिहून देऊन मोकळे झाले. सहा लाखांचे जडजवाहीरही त्यांनी तारण ठेविले. यांतील साष्टी आधीच इंग्रजांच्या हाती होती व वसई रघुनाथरावांच्या हाती नव्हती. म्हणजे जे आपले नाही ते देऊन त्यांनी उद्याची शाश्वती विकत घेतली! ती त्यांना कधीच लाभली नाही. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने तो तह अमान्य केला, कर्नल अप्टनला पाठविले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरास दुसरा तह झाला. त्यात साष्टीविषयी मोठे विलक्षण कलम आहे. गव्हर्नर जनरलची मर्जी असेल तर साष्टी इंग्रजांकडे राहावी. ती परत द्यावयाची झाल्यास पेशव्यांनी तिच्या बदली तीन लाखांचा मुलूख द्यावा. सबंध बेटाचे भवितव्य कलकत्त्यात बसलेल्या एका माणसाच्या मर्जीवर टांगून ठेविले गेले.

अशा वेळी ओवळ्याच्या किंवा घोडबंदराच्या कुणब्याने काय करावे? सारा ज्याला द्यावयाचा तो सरकार टिकेल की नाही, हे ठाऊक नाही. वतनदारांची स्थिती तर याहून बिकट. कारण ज्याच्या हातची सनद, तोच उद्या नाहीसा झाला तर वतनाचा आधार काय? परंतु खाडीकाठच्या शेतीला या प्रश्नांच्या उत्तरासाठी थांबता येत नाही. येथील भाताच्या जमिनी दोन प्रकारच्या: गोड्या आणि खाऱ्या. गोड्या जमिनीत उन्हाळ्यात राब भाजावा लागतो, रोपे वाढवून आषाढात लावणी करावी लागते. खारी जमीन ही समुद्राकडून हिसकावून घेतलेली. तिला नांगर नको, खत नको, लावणीही नको. पावसाने चिखल झाला की त्यात मोड आलेले बी फेकावयाचे. तिला एकच गोष्ट हवी, ती म्हणजे भक्कम बांध. उधाणाचे पाणी बांध फोडून आत शिरले तर त्या सालाचे पीक जातेच, शिवाय मुरलेले मीठ पावसाने धुऊन जाईपर्यंत पुढील काही वर्षे ती भूमी नापीक पडते. म्हणून बांधाची डागडुजी मिरगापूर्वी व्हावी लागते, मग ठाण्याच्या किल्ल्यावर निशाण कोणाचे का असेना.

१७७४ च्या डिसेंबरापासून साष्टीचा निकाल लागेपर्यंत सात पावसाळे गेले. प्रत्येक पावसाळ्यापूर्वी हे बांध कोणी तरी घातले, आणि ज्याचे फळ कोणत्या राज्यात पदरात पडेल हे माहीत नव्हते, ते बी कोणी तरी पेरले. याला औदासीन्य म्हणणे अन्यायाचे होईल. १७७५ साली ज्याचे वय पंचेचाळिशीचे होते, त्याने बालपणी पोर्तुगीज पाहिले, ऐन तारुण्यात मराठे पाहिले आणि आता तो इंग्रज पाहत होता. येथील ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या घरी तर १७३९ ची आठवण अगदी ताजी असणार. आपल्या धर्माचे राज्य गेले तरी ती माणसे आपल्या जमिनी सोडून गेली नाहीत. उद्याचे कळत नाही म्हणून आजचा बांध राहून जात नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. ते मोठ्यांच्या अंगवळणी पडले नव्हते, एवढाच भेद.

कारण मोठ्यांची घाई चालूच होती. मुंबईकरांनी रघुनाथरावांस घेऊन पुण्यावर चाल केली, ती वडगावास अडकली. जानेवारी १७७९ च्या करारात त्यांनी १७७३ नंतर घेतलेला सर्व मुलूख, अर्थात साष्टीही, परत देण्याचे कबूल केले. साष्टी पुन्हा पेशव्यांची झाली, परंतु कागदावरच. वॉरन हेस्टिंग्सने तो करार झिडकारला. १७८० च्या उन्हाळ्यात इंग्रजांनी कल्याण घेतले. ११ डिसेंबरला गॉडर्डच्या तोफांपुढे वसई पडली, आणि दुसऱ्याच दिवशी भिवंडीजवळच्या दुगाडास मराठ्यांचा शूर सेनानी रामचंद्र गणेश धारातीर्थी पडला. त्या हिवाळ्यात वसईकडील तोफांचे आवाज खाडीवरून अलीकडे घोडबंदरास ऐकू आले असले पाहिजेत. दिवस भाताच्या मळणीचे होते.

अखेर १७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. वसई पेशव्यांस परत मिळाली. साष्टी इंग्रजांकडे राहिली. तथापि नानांनी मंजुरीची घाई केली नाही. हैदरअली ७ डिसेंबरास वारला, पुण्याची मंजुरी त्यानंतर त्याच महिन्यात आली आणि तहाच्या प्रतींची अदलाबदल फेब्रुवारी १७८३ मध्ये झाली. तोवर साष्टीत आठव्या पावसाळ्याचे भातही खळ्यावर येऊन गेले होते.

या तहाने घोडबंदरची खाडी दोन राज्यांची सरहद्द झाली. अलीकडे कंपनी सरकार, पलीकडे पेशवे. पेशवाई बुडेपर्यंत सुमारे पस्तीस वर्षे ती सरहद्द राहिली; आणि भरती-ओहोटीचे पाणी दोन्ही काठांच्या बांधांना एकाच वेळी लागत राहिले.