दुहेरी संवाद, एकेरी व्याख्या

घरी बसून दूरच्या माणसाचा चेहरा पाहत बोलणे आज इतके अंगवळणी पडले आहे, की त्यामागे शासकीय धोरणाचा काही इतिहास असेल हे सहसा ध्यानात येत नाही. नोकरीनिमित्त मराठी मुलखाबाहेर आयुष्य काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी तो जाणून घ्यावा, असे मला वाटते.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. १९९८ मध्ये हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. पण १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने इंटरनेटवरून दूरध्वनी करण्यास तूर्त परवानगी नाकारली. त्यामागचे गणित सरळ होते. लांब पल्ल्याच्या कॉलचे दर खर्चाहून कितीतरी चढे ठेवायचे आणि त्या वाढाव्यातून स्थानिक सेवा स्वस्त राखायची, ही जुनी व्यवस्था होती. इंटरनेटवरचा आवाज अंतर जुमानत नाही. त्याने हा वाढावाच आटला असता. निगमाची परदेशी कॉलवरील मक्तेदारी ३१ मार्च २००२ रोजी संपली आणि दुसऱ्याच दिवशी इंटरनेट दूरध्वनी वैध झाला. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, १ एप्रिल २००३ रोजी, महाराष्ट्र शासन विरुद्ध प्रफुल्ल देसाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दूरदृश्य माध्यमातून घेतलेली साक्ष ग्राह्य ठरवली. पडद्यावरची उपस्थिती हीदेखील उपस्थितीच, हे तत्त्व असे कायद्यात आले.

घराघरांत मात्र अजून डायल-अप होते. त्यावर चेहरा दिसायचा तो ठिपक्याठिपक्यांचा. १४ ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने ही कोंडी फोडायचे ठरवले. त्यातील व्याख्या मुळातून पाहण्याजोगी आहे : परस्परसंवादी सेवा पेलणारी, सदैव चालू असलेली आणि माहिती उतरवून घेण्याचा किमान वेग सेकंदाला २५६ किलोबिट असलेली जोडणी. संवाद परस्पर म्हटला, पण वेग एकाच दिशेचा मोजला. तांब्याच्या तारेवरील एडीएसएल तंत्राची रचनाही तशीच होती : उतरणारी वाट रुंद, चढणारी अरुंद.

याचा अर्थ मला २००६ साली ईशान्येकडील नियुक्तीवर असताना कळला. साताऱ्याला धाकट्या भावाकडे अशी जोडणी आली आणि आई पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसली. आमच्या उतरत्या वाटेवर जागा रिकामी होती. तरी आईचे चित्र थबकत होते, कारण तिच्या बाजूची चढती वाट अपुरी होती. तिला आम्हीही तसेच दिसत असणार. आपण हललो की चित्र बिघडते, अशी तिची समजूत झाली. जुन्या स्टुडिओत फोटोला बसावे तशी ती निश्चल बसून राही आणि हसणेही आवरून धरी. मी नियमांच्या मसुद्यांत वावरणारा माणूस. पण व्याख्येतून एक शब्द गळला की काय होते, हे मला तिथे दिसले.

दुसरा निर्णय तारेच्या मालकीचा. घरापर्यंत पोहोचलेली तांब्याची तार बहुतांशी बीएसएनएल व एमटीएनएल यांची होती. ती इतर सेवादात्यांना खुली करावी, अशी शिफारस ट्रायने केली होती. धोरणाने ती सक्तीची न करता परस्पर करारांवर सोपवली. आपल्या प्रतिस्पर्ध्याला वाट देण्याचा करार कोण आपणहून करील? २०१० पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचे उद्दिष्ट होते; गाठले गेले ते सुमारे निम्मे.

पुढे ही कोंडी सुटली ती मुख्यतः २०१६ नंतर स्वस्त झालेल्या फोर-जीने आणि घरोघरी पोहोचू लागलेल्या फायबरने. २०२० च्या टाळेबंदीत कचेऱ्या, वर्ग आणि न्यायालये याच वाटांवर तगली. व्याख्येतील किमान वेग आधी ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ मध्ये दोन मेगाबिट झाला. मात्र तो आजही उतरवून घेण्याचाच मोजला जातो.

नागरिक हा केवळ घेणारा, अशी जुनी प्रशासकीय धारणा त्यामागे असावी. त्यालाही काही दाखवायचे, सांगायचे असते, हे व्याख्येने अजून मान्य केलेले नाही. आई आता नाही. तिच्या बाजूने येणारा वेग मात्र मोजायचा राहूनच गेला आहे.